मधुमेह आहे आणि वजन उतरत चाललंय, ते नीट कसं वाढवायचं?

कृष्णाकाठ
नमस्कार. वडिलांसाठी लिहिते आहे. वय ६१, उंची पाच फूट सहा इंच, नऊ वर्षांपासून मधुमेह. गेल्या दिवाळीला ६२ किलो होते, आता ५३ भरले. दंड आणि मांड्या पार आटल्यात, जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.४ आलंय. दोन वेळा मेटफॉर्मिन आणि सकाळी डापाग्लिफ्लोझिन चालू आहे.

घरात रोज वाद होतात. आत्या म्हणते, साखरेच्या माणसाचं वजन उतरलेलंच बरं. मामा म्हणतो, केळी, तूप, गूळ सुरू करा, महिन्यात अंगावर येईल. या सगळ्यात बाबांनी घाबरून खाणंच तोडलंय. भात बंद, दूध बंद, शेंगदाणे 'तेलकट' म्हणून बंद. रात्री अर्धी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, बस. तरीही साखर चढलेलीच. कमी खाऊनही साखर का चढते आणि साखर न वाढवता वजन कसं वाढवायचं, हे कुणी समजावून सांगेल का?

सह्यगिरी
मी फिजिशियन आहे, सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. न तपासता औषध सांगणार नाही, पण काय घडत असावं ते सांगतो.

काय खायला द्यायचं हे नंतर बघू. वजन का उतरलं, ते आधी शोधायला हवं. ६२ वरून ५३ म्हणजे जवळपास १५ टक्के. ठरवून न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन घटलं, तर कारण शोधलंच पाहिजे. 'साखरेच्या माणसाचं उतरलेलं बरं' हे पोट सुटलेल्या माणसाला लागू पडेल, तुमच्या वडिलांना नाही.

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती अडवून धरू शकत नाहीत, लघवीतून सोडून देतात. म्हणजे खाल्लेलं अंगाला न लागता वाहून जातं. गळक्या टाकीत कितीही पाणी ओतलं तरी ती भरत नाही. त्यातच शरीरात इन्शुलिन कमी पडत असेल, तर साखर पेशींत शिरत नाही. मग शरीर स्नायू मोडून त्यातल्या प्रथिनांपासून यकृतात नवी साखर बनवतं. कमी खाऊनही साखर चढते ती यामुळे, आणि मांड्या आटतात त्याही यामुळेच.

डापाग्लिफ्लोझिनचं कामच मुळी लघवीतून साखर बाहेर टाकणं हे आहे. मूत्रपिंडं चांगली असतील तर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम. म्हणजे अडीचशे-तीनशे कॅलरी रोज बाहेर. जाड रुग्णाला याचा फायदाच होतो, हृदयासाठी आणि मूत्रपिंडांसाठीही हे औषध उत्तम आहे. पण ज्यांचं वजन आधीच घसरतंय, ज्यांनी खाणंही तोडलंय आणि ज्यांच्यात इन्शुलिन कमी असल्याची शंका आहे, त्यांच्यात ते चालू ठेवायचं का, याचा फेरविचार व्हायला हवा. याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा. मनाने गोळी बंद करू नका. मात्र उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, कमालीची गळून गेल्याची भावना यातलं काही दिसलं, तर वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. या औषधावर असताना साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचू शकतात, म्हणून ग्लुकोमीटरवरचा आकडा बघून निश्चिंत राहू नका.

तपासण्यांत छातीचा एक्स-रे आणि खोकला असेल तर थुंकी, कारण मधुमेहात क्षयाचा धोका दोन ते तीन पट असतो. थायरॉईड. मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. सी-पेप्टाइड, म्हणजे स्वतःचं इन्शुलिन किती शिल्लक आहे ते कळतं. शक्य असेल तर गॅड अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटलंय का ते दाखवणारी चाचणी), कारण 'टाइप २' म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खाणाऱ्या काही जणांना प्रत्यक्षात हळूहळू वाढणारा टाइप १ च्या जातीचा मधुमेह असतो. आणि साठीच्या आसपास साखर अचानक बिघडून वजन घटतंय, सोबत पोट-पाठ दुखते आहे किंवा कावीळ आहे, असं असेल तर स्वादुपिंडाची तपासणी टाळू नका. शौच तेलकट, फिकट, पाण्यावर तरंगणारं होतं का, तेही विचारा. स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडले तर अन्न पचतच नाही.

माणदेशी
डॉक्टरसाहेबांचं पटतं, पण तपासण्या होईपर्यंत माणसाला खायला तर द्यायला पाहिजे. माझ्या चुलत्यांना साखर होती, आम्ही गूळ-तूप-पोळी आणि शिकरण दिलं. वजन आलं होतं. गूळ नैसर्गिक आहे, साखरेइतका वाईट नाही.

आहारवेल
माणदेशी दादा, खायला दिलंच पाहिजे, याला माझा पूर्ण पाठिंबा. मी आहारतज्ज्ञ आहे आणि उपाशी राहून साखर 'सांभाळणारे' रुग्ण रोज बघते. पण गुळाबाबत नाही म्हणावं लागेल. गुळात थोडं लोह असतं, बाकी बहुतांश साखरच असते आणि रक्तातही ती साखरेसारखीच चढते. खजूर, मध, खारीक पूड यांचंही तेच. केळं विष नाही, पण मध्यम केळ्यात साधारण २७ ग्रॅम कर्बोदकं असतात. दूध-साखर घालून शिकरण केलं की ती एकदम चढणार, आणि १८० च्या वर गेलेलं पुन्हा लघवीतून जाणार. ज्यासाठी खाल्लं तेच अंगाला लागायचं नाही.

कृष्णाकाठ ताई, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला की प्रथिनांचं ठरवू, त्याआधी नको. मूत्रपिंडं ठीक असतील तर वजन कमावायच्या काळात किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मी धरते, म्हणजे बाबांना दिवसाला ६०-६५ ग्रॅम. मूत्रपिंडं अधू असतील तर हा आकडा ०.८ पर्यंत खाली येतो, म्हणून घाई नको. बाजारातून 'वेट गेनर' पावडर अजिबात आणू नका. त्यातल्या बऱ्याच पावडरींमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन (साखरेसारखंच चढणारं पिष्ट) किंवा साखर भरलेली असते. आणि ओळखीच्या कुणी दिलेल्या, डब्यावर घटकच न लिहिलेल्या 'वजन वाढवायच्या' पुड्या तर नकोच नको. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. त्याने तोंड सुजतं, भूक लागते, वजन वाढल्यासारखं वाटतं आणि साखर चारशेवर जाते.

रानजाई
एक छोटी गोष्ट विचारते. बाबांचे दात कसे आहेत? माझ्या सासूबाई चावता येत नाही म्हणून भाकरी पाण्यात भिजवून नुसती गिळायच्या, उसळी-शेंगदाणे आपोआप सुटले होते. आम्ही सगळे भूक मंदावली समजत होतो. मधुमेहात हिरड्या लवकर खराब होतात.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाई, दोन दाढा हलतायत, तुम्ही विचारल्यावर बाबांनी कबूल केलं. दंतवैद्याची वेळ घेतली आहे.

रिपोर्ट आले. एक्स-रे स्वच्छ, थायरॉईड ठीक, क्रिएटिनिन ०.९, लघवीत अल्ब्युमिन नाही, सोनोग्राफीत काही सापडलं नाही. सी-पेप्टाइड कमी आलं. डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन बंद केलं, मेटफॉर्मिन ठेवलं आणि रात्री एकदा घ्यायचं इन्शुलिन सुरू करू म्हणाले. आता बाबा अडून बसलेत. इन्शुलिन म्हणजे शेवटची पायरी, एकदा लागलं की सुटत नाही, असं त्यांच्या डोक्यात पक्कं आहे. मोठे काका इन्शुलिन लागल्यावर वर्षभरात गेले होते, ते त्यांच्या मनातून जात नाही.

अबोली
तुमच्या बाबांना माझं हे वाचून दाखवा. माझ्या मुलीला नवव्या वर्षी टाइप १ निघाला. निदान झालं तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. इन्शुलिन सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत गाल भरले.

त्या काळात मी इन्शुलिनचा इतिहास खूप वाचला. १९२२ च्या आधी या आजारावर डॉक्टरांकडे एकच उपाय होता, उपास. अमेरिकेत एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी होती, वडील तेव्हा तिथले परराष्ट्रमंत्री. तिला अगदी मोजक्या कॅलरींवर ठेवलं होतं. वयाच्या पंधराव्या वर्षी, ऑगस्ट १९२२ मध्ये, तिला टोरोंटोला, इन्शुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांच्याकडे नेलं, तेव्हा तिचं वजन जेमतेम २० किलो होतं. इन्शुलिन मिळालं, ती जेवायला लागली, वजन भरलं, पुढे लग्न झालं, मुलं झाली. १९८१ साली, सत्तरी ओलांडून गेली. म्हणजे इन्शुलिनवर जवळपास ५८ वर्षं. मोठ्या काकांना इन्शुलिन कदाचित फार उशिरा मिळालं असेल. इन्शुलिनमुळे ते गेले, असं बाबांनी मनात धरू नये.

आणि एक गोष्ट मी मुलींच्या आयांसाठी मुद्दाम लिहिते. इन्शुलिनने वजन भरतं हे मुलींना कळतं. वयात आल्यावर माझी मुलगी बारीक राहावं म्हणून मधूनमधून डोस गाळत होती. ते जिवावर बेतू शकतं. वजन उगीच उतरताना दिसलं तर मुलीला रागावू नका, जवळ घेऊन विचारा आणि डॉक्टरांना सांगा. आम्हाला समुपदेशनाचा खूप उपयोग झाला.

सह्यगिरी
अबोली ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलं.

बाबांना सांगा, इन्शुलिन हे शरीर उभारणारं संप्रेरक आहे. ते साखर पेशीत नेतंच, शिवाय स्नायू मोडणं थांबवतं. सी-पेप्टाइड कमी असताना त्याशिवाय स्नायू भरायचे नाहीत, मग प्रथिनं कितीही खा. सुरुवात लहान डोसने होते आणि सकाळची उपाशीपोटीची साखर बघत हळूहळू वाढवतात. घाम, थरथर, अचानक भूक, डोक्यात गोंधळ असं झालं तर साखर तपासायची. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. यासाठी साखर चालते, नव्हे लागतेच. आणि डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्या. फार दिवस चढलेली साखर झपाट्याने खाली आली तर आधीपासून असलेला पडद्याचा दोष काही काळ वाढू शकतो.

पर्वती
'वजन वाढलं' म्हणताना ते कुठे वाढलं हेही बघा. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली माणसं बारीक दिसतात, पण स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त. तूप-साखर खाऊन पोटावर चार किलो चढवले तर काटा वाढेल, मधुमेह आणखी बिघडेल. कमरेला टेप लावा आणि मांडीलाही. मांडी वाढली पाहिजे.

तांबडी माती
पर्वती, अगदी हेच म्हणायचं होतं. मी कोल्हापूरचा, तालमीत वाढलेला. खुराक नुसता खाऊन अंगाला लागत नाही, मेहनत लागते. पण ६१ वर्षांच्या अशक्त माणसाला एकदम जोर-बैठका सांगू नका. खुर्चीवर बसायचं, हाताचा आधार न घेता उठायचं. जमेल तितक्या वेळा, दमल्यावर थांबून पुन्हा. भिंतीला हात टेकून जोर. एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन हातांत घेऊन खांद्यापर्यंत. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. चालणं चांगलंच, पण वजन भरायच्या काळात रोज तासभर झपाझप चालून सगळं जाळून टाकू नका. इन्शुलिनवर असतील तर व्यायामाआधी साखर बघावी आणि खिशात काहीतरी गोड ठेवावं. पायाला जखम, डोळ्यात रक्तस्राव, छातीत दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आहारवेल
क्रिएटिनिन ठीक आलं, आता मोकळेपणाने लिहिते.

रोजच्या खाण्यात ३०० ते ५०० कॅलरींची भर घालायची आणि आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढ धरायची. त्याहून वेगाने वाढलं तर ते बहुधा पाणी किंवा चरबी असते. ही भर भाकरी-भाताच्या ढिगातून आणायची नाही. ज्वारी चांगली, पण एका भाकरीत चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं असतातच. 'भाकरीने साखर वाढत नाही' असं समजून तीन-तीन खाणारे माझ्याकडे येतात. बाबांना दोन्ही जेवणांत एकेक पूर्ण भाकरी द्या, अर्धी नको. इन्शुलिन चालू असताना रात्री अर्धपोटी झोपणं धोक्याचं आहे.

खरी भर प्रथिनं आणि चांगल्या स्निग्धातून. बाबांनी बंद केलेले शेंगदाणे सगळ्यात आधी सुरू करा. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण १७० कॅलरी आणि सात-साडेसात ग्रॅम प्रथिनं, साखर जेमतेम वाढते. दाढा हलतायत तोवर कूट करून द्या, दह्यात, कोशिंबिरीत, भाजीत. जवस, तीळ, कारळं यांच्या चटण्या वरून तेल घालून. पालेभाजी नुसती नको, डाळ-दाण्यांची पातळ भाजी करा. आमटी घट्ट. कुळथाचं किंवा बेसनाचं पिठलं आठवड्यातून दोनदा तरी. सकाळी दोन अंडी खात असतील तर बारा ग्रॅम प्रथिनं तिथेच झाली. खात नसतील तर मुगाची धिरडी आणि पनीर. दूध बिनसाखरेचं, रात्री झोपताना एक पेला. तेल-तूप प्रत्येक जेवणात एक चमचा वाढवलं तर ४५ कॅलरी मिळतात, पोट जड न होता.

भूक कमी असेल तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. जेवताना आधी उसळ-भाजी-आमटी, भाकरी शेवटी. जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासून वहीत लिहा, म्हणजे कुठला पदार्थ त्यांना सोसतो ते कळेल. हे माणसागणिक वेगळं असतं. मेटफॉर्मिनमुळे मळमळ होत असेल तर डॉक्टरांना सांगा, हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या मिळतात. इतकी वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे तर बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्या, त्या गोळीने ते कमी होऊ शकतं.

दर्यासारंग
मालवणहून. बांगडा विसरू नका. शंभर ग्रॅमला १९ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि चांगलं तेल फुकट. रव्यात घोळून तळण्यापेक्षा तिरफळं घालून आमटी, नाहीतर तव्यावर थोड्या तेलात. सुकट, सुके बोंबील यांत प्रथिनं भरपूर असतात, पण मीठही तेवढंच. रक्तदाब असेल तर जपून.

शिवार
थोडं वेगळं विचारतो. मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्या पाड्यावरचा चोवीस वर्षांचा मुलगा, लहानपणापासून हडकुळा, वजन ४३. साखर ३५० निघाली. सगळे टाइप १ म्हणाले, पण तालुक्याचे डॉक्टर म्हणतात कीटोन नाहीत, हा प्रकार वेगळा वाटतो. असं असतं का?

सह्यगिरी
असतं, आणि तुमच्या डॉक्टरांचं निरीक्षण अचूक आहे. १९५५ मध्ये जमैकात असे रुग्ण पहिल्यांदा नोंदवले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणाशी निगडित मधुमेह असा वेगळा वर्ग केला आणि १९९९ मध्ये तो काढून टाकला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसोबत चिकाटीने अभ्यास केला. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाइप ५ म्हणून मान्यता दिली. बालपणापासूनचं कुपोषण, बीएमआय १८.५ च्या खाली, इन्शुलिन कमी पण शून्य नाही. म्हणून यांना टाइप १ इतकं इन्शुलिन दिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, विशेषतः घरात दोन वेळच्या जेवणाची खात्री नसताना. अशा मुलाला 'साखर आहे, भात सोड' असं कुणीही सांगू नये. त्याला जास्त अन्न हवंय, त्यात डाळी आणि अंडी हवीत. गॅड अँटिबॉडी, सी-पेप्टाइड आणि स्वादुपिंडात खडे नाहीत ना यासाठी सोनोग्राफी, एवढं जिल्हा रुग्णालयामार्फत वैद्यकीय महाविद्यालयात करून घ्या. क्षयाची तपासणी नक्की करा. क्षय निघाला तर उपचार मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात.

शिवार
मनापासून आभार. मी स्वतः त्याला घेऊन जातो. भात सोडायला त्याच्या आईला आधीच कुणीतरी सांगितलंय, आज संध्याकाळीच जाऊन सांगतो.

कृष्णाकाठ
बरेच दिवसांनी येते. बाबांनी इन्शुलिन घेतलं. अबोली ताई, एलिझाबेथची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. उपाशीपोटी साखर आता १२०-१३० च्या घरात आहे, एकदा ६८ झाली होती, साखरपाणी दिलं. एक दाढ काढली. वजन ५६ झालंय, खुर्चीतून हात न टेकता उठतात. पण सुरुवातीच्या दोन आठवड्यांत घोट्यांना सूज आली होती, आता उतरली आहे. हे इन्शुलिनचं का?

सह्यगिरी
शक्यता तीच. फार दिवसांची चढलेली साखर इन्शुलिनने आटोक्यात आली की शरीर काही दिवस मीठ-पाणी धरून ठेवतं. पहिल्या वाढलेल्या वजनात त्याचाही वाटा असतो, म्हणून मांडीचं मापही बघत जा. सूज परत आली, दम लागला किंवा आडवं झाल्यावर श्वास कोंडला तर हृदयाची तपासणी करा. बीएमआय २२ च्या आसपास पोचले की थांबायचं. म्हणजे त्यांच्या उंचीला ६० ते ६२ किलो. तेवढं झालं की वाढीव कॅलरी कमी करायच्या, व्यायाम मात्र ठेवायचा.

कृष्णाकाठ
लक्षात ठेवते. आहारवेल ताई, थालीपीठ बाबांना फार आवडतं, पण आमच्या भाजणीत ज्वारी-बाजरी-तांदूळच जास्त. डाळी वाढवल्या तर थापताना तुटतं. काय करू?

आहारवेल
तांदूळ काढून टाका. दोन वाट्या ज्वारी, एक वाटी बाजरी, एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मटकी, मूठभर धणे, थोडे जिरे. सगळं वेगवेगळं भाजून दळून आणा. उडदाने चिकटपणा येतो, तुटणार नाही. चार वाट्या भाजणीला अर्धी वाटी सोयाबीनचं पीठ चालेल, पण तेही भाजलेलंच घ्या, नाहीतर उग्र वास येतो. पीठ कोमट पाण्यात भिजवून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. कांदा जरा जास्त घाला, भोकांत तेल सोडा आणि सोबत वाटीभर घट्ट दही द्या. एक थालीपीठ म्हणजे एक भाकरी धरायची, दोन्ही नकोत.